भिलार: परक्या घरांत बसून वाचलेले तीन दिवस

सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये वसलेले भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखले जाते. गेल्या फेब्रुवारीत मी तिथे तीन दिवस राहून आले. या गावाविषयी सहलीच्या अंगाने बरेच लिहिले गेले आहे, त्यामुळे ती माहिती मी गरजेपुरतीच देईन. ज्यांचे वाचन काही कारणाने तुटले आहे आणि ते पुन्हा सुरू होईल की नाही या काळजीत जे आहेत, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून मी हे परीक्षण लिहीत आहे, कारण मी स्वतः तशाच अवस्थेत तिथे गेले होते.

आधी ती अवस्था सांगणे भाग आहे. सप्टेंबरमध्ये माझे नऊ वर्षांचे नाते संपले. सामानाची वाटणी करताना भांडी, खुर्च्या, मिक्सर आणि पडदे यांचा निकाल अर्ध्या तासात लागला. पुस्तकांना मात्र दोन रविवार लागले. कोणते पुस्तक कोणी विकत आणले होते हे दोघांनाही आठवत होते, पण मधल्या वर्षांत ते कोणाचे होऊन बसले होते हे ठरवता येत नव्हते. त्याला वाचताना समासात पेन्सिलीने बारीक टिपणे करण्याची सवय होती, आणि मला त्या टिपणांखाली उत्तर लिहिण्याची. त्यामुळे माझ्या वाट्याला आलेली जवळजवळ सगळी पुस्तके दोन हस्ताक्षरांची होती. एखादे उघडावे, दहाव्या पानापर्यंत जावे आणि समासात ‘हे तुझ्या आत्यासारखं’ असे काहीतरी दिसावे, की तिथेच पुस्तक मिटले जाई. खोडरबर घेऊन ती टिपणे पुसावीत असेही एकदा मनात आले, पण पुसलेल्या पेन्सिलीचा वळ कागदावर राहतोच, आणि तो वळ मला अक्षरांपेक्षाही जास्त दिसत राहिला असता.

आमच्या भागातील वाचनालयातून आणलेली पुस्तकेही मी दोन वेळा मुदत वाढवून, न वाचता परत केली. डोळे ओळींवरून सरकत, पान उलटले जाई, आणि खाली पोहोचल्यावर वर काय होते ते आठवत नसे. मी तिसरीत असल्यापासून वाचते आहे. आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर बसून मी वाचले आहे, नोकरी गेली तेव्हा वाचले आहे. वाचता न येणे हा अनुभव मला अगदीच नवा होता, आणि खरे सांगायचे तर नाते संपल्याच्या दुःखापेक्षा याची भीती मला अधिक वाटली.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. कार्यालयात दुपारी डबा उघडला की बोलणी मुलांच्या शाळाप्रवेशाची, सासू-सासऱ्यांच्या गुडघ्यांची आणि घराच्या हप्त्यांची होतात. मी ती मनापासून ऐकते, कारण त्या माझ्या चांगल्या मैत्रिणी आहेत, पण माझ्याकडे त्यांत घालण्यासारखे काही नसते. लहानपणी मी चार वर्षे तबला शिकले होते. वर्गात सगळे एकदम समेवर येत आणि मी दोन मात्रा मागाहून पोहोचत असे. गुरुजी रागावत नसत, फक्त पुन्हा सुरुवात करायला लावत. गेल्या काही महिन्यांत तीच भावना दिवसभर सोबत असे. जगाची सम येऊन गेलेली असते आणि आपला हात अजून वरच असतो. वाचनाने ही भावना कमी होते असे मी अनेकदा ऐकले आहे. माझा अनुभव वेगळा आहे. वाचणारे माणूस मुळातच चारचौघांपासून थोडे बाजूला बसलेले असते, फक्त वाचत असताना त्याला त्याचे काही वाटत नाही. ते वाचनच गेल्यावर मी नुसतीच बाजूला बसलेली उरले.

मला हवी होती ती पुस्तके माझी नसलेली, कोणाच्याही हस्ताक्षराशिवायची, आणि अशा ठिकाणी की जिथे मला कोणी ओळखत नाही, पण माणसे मात्र आहेत. भिलारची आठवण झाली ती या शेवटच्या अटीमुळे.

पुण्याहून स्वारगेट स्थानकावरून एसटीने वाई, पुढे पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून भिलार, असा मार्ग आहे. वाईला गाडी थांबते तेव्हा वाचणाऱ्या माणसाने एकदा तरी आठवण काढावी असे हे गाव आहे, कारण मराठी विश्वकोशाचे काम इथूनच झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. घाटात डाव्या-उजव्या हाताला दरी बदलत राहते आणि वर पोहोचताच हवा एकदम कोरडी व हलकी होते. भिलार गावात शिरल्यावर आधी दिसतात ती शेते: मल्चिंग पेपर अंथरलेले गादीवाफे, त्यांतून गेलेल्या ठिबकच्या नळ्या, आणि पानांआड लपलेली लाल फळे.

या उपक्रमाची रचना थोडक्यात अशी आहे. राज्य मराठी विकास संस्थेने तो उभा केला. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली, पण दोन गावांत मोठा फरक आहे. हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे गाव आहे; १९६० च्या दशकात रिचर्ड बूथ यांनी तिथे दुकान काढले आणि पाहता पाहता सगळे गाव पुस्तकविक्रीवर उभे राहिले. भिलारमध्ये पुस्तके विकली जात नाहीत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तके ठेवण्यात आली, आणि ही ठिकाणे म्हणजे प्रामुख्याने गावकऱ्यांची राहती घरे, शिवाय शाळा आणि देवळे. प्रत्येक ठिकाणी एक साहित्यप्रकार: कुठे कविता, कुठे कादंबऱ्या, कुठे बालसाहित्य, इतिहास, संतसाहित्य, चरित्रे आणि आत्मचरित्रे, दिवाळी अंक. भिंतींवर चित्रकारांनी त्या त्या विषयाची चित्रे काढली आहेत, त्यामुळे घर लांबूनच ओळखता येते. वाचायला पैसे पडत नाहीत. दिवसभर बसा, हवे ते काढा, वाचा, आणि जागेवर ठेवून निघा. पुस्तक बाहेर नेता येत नाही.

हा शेवटचा नियम मला पहिल्या दिवशी जाचक वाटला. त्याविषयी पुढे लिहिते.

पहिल्या सकाळी मी कवितेच्या घरी गेले. प्रेमभंग झालेल्या माणसाने कवितेकडे जावे हा सर्वसाधारण समज आहे आणि मीही तो धरूनच निघाले होते. ओसरीवर काचेची कपाटे, समोर प्लास्टिकच्या चार खुर्च्या, आणि आत स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. मी चार संग्रह काढून बसले. दहा मिनिटांत लक्षात आले की हे आपल्याला झेपणारे नाही. ज्या कविता दुःखाविषयी होत्या त्या माझ्याकडे बघून लिहिल्यासारख्या वाटत होत्या, आणि ज्या नव्हत्या त्यांत मला रस नव्हता. मराठीतील प्रेमकविता मला प्रिय आहे आणि पुढेही राहील. पण ताज्या जखमेवर ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तिथून मी साडेअकराच्या सुमारास उठले. घरातील आजींनी ‘झालं का वाचून?’ असे विचारले, मी ‘हो’ म्हटले, आणि रस्त्यावर आल्यावर या एका शब्दाच्या खोट्याने मला रडू आले.

दुपारी संतसाहित्याकडे गेले, तेही ऊन टाळायला. इथे मला पहिल्यांदा काहीतरी सापडले. आपल्याकडे संतांनी ‘विरहिणी’ रचल्या आहेत. देवाची वाट बघणाऱ्या स्त्रीच्या मुखातून बोललेले अभंग. मी ते शाळेत शिकले होते, गाण्यांतून ऐकले होते, पण ते विरहाचे लेखन आहे हे मला तोपर्यंत कधीच आतून कळले नव्हते. तिथे तक्रार आहे, रुसवा आहे, सजून वाट पाहणे आहे, अंगाला लावलेले चंदनसुद्धा भाजते अशी तगमग आहे. आणि हे सगळे गाव एकत्र बसून टाळ-मृदंगावर म्हणते. एकटीचे दुःख पन्नास जणांनी एका तालात म्हणण्याची ही सोय आपल्या भाषेने सातशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे आणि मी ती वापरत नव्हते. मी तिथे पाऊणएक तासच वाचले असेन, तेही अर्थाच्या टिपांसह अडखळत, पण वर काय होते ते मला खाली पोहोचल्यावर आठवत होते. सप्टेंबरनंतर असे पहिल्यांदाच घडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चरित्रे-आत्मचरित्रांच्या घरी गेले आणि उरलेला जवळजवळ सगळा मुक्काम तिथेच काढला. म्हणून या घराविषयी मी अधिक लिहिणार आहे.

घर रस्त्याला लागूनच आहे. पुढच्या खोलीत दोन भिंतींना कपाटे, खिडकीशी एक लाकडी बाक, आणि मधल्या मोकळ्या जागेत घरच्यांचे काम. मी पोहोचले तेव्हा पहाटेच्या तोडणीची स्ट्रॉबेरी नुकतीच घरात आली होती. घरच्या काकू जमिनीवर पोते अंथरून बसल्या होत्या, एका बाजूला फळांच्या पाट्या आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या लहान पारदर्शक डब्यांची चळत. त्या प्रत्येक फळ देठाला धरून उचलत, बोटांत एकदा फिरवत, आणि कोणत्या डबीत टाकायचे ते तेवढ्यात ठरवत. स्ट्रॉबेरी टोकाकडून पिकत वर येते. देठाजवळ अजून पांढरी राहिलेली फळे लांबच्या गाडीसाठी, आणि पूर्ण लाल झालेली जवळपास आजच खपवायची. डागाळलेली एका पातेल्यात जात होती, त्यांचा घरी जॅम होणार होता. हात इतका चालत होता की मी पुस्तक काढायचे विसरून पाच मिनिटे बघत उभी राहिले.

“बसा की ताई निवांत,” त्या म्हणाल्या. “आमचं काम चालू ऱ्हायल. तुम्ही वाचा, उठू नका.”

मी एक जाडसर आत्मचरित्र काढले. लेखिका शिक्षिका होत्या, नाव मी त्यापूर्वी कधी ऐकलेले नव्हते. मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मकथनांची मोठी परंपरा आहे, आणि त्यांतील गाजलेली मी वाचलेली आहेत; हे त्यांतले नव्हते. पहिली साठ पाने बदल्या, भाड्याच्या खोल्या, विहिरीचे पाणी, महिन्याचा जमाखर्च आणि धाकट्या भावाच्या फीविषयी होती. वाक्ये साधी, थोडी कोरडीच. आणि मग एका प्रकरणाच्या मधोमध, कोणतीही प्रस्तावना न करता, पती घर सोडून गेल्याचा उल्लेख एका ओळीत आला, आणि पुढच्याच ओळीत नव्या गावच्या शाळेत फळ्याला रंग लावून घेतल्याची हकीकत सुरू झाली. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग मागे जाऊन आधीची दहा पाने वाचली, कारण त्या माणसाचे जाणे त्या पानांत कुठेतरी आधीच दिसत असणार असे मला वाटले, आणि ते खरोखरच दिसत होते: जेवणाच्या ताटांची संख्या, दोन तिकिटांऐवजी एक तिकीट, अशा बारक्या गोष्टींत. मी अशी मागेपुढे पाने उलटत असताना लक्षात आले की मी वाचत आहे. पूर्वी वाचायची तशीच.

याचे श्रेय त्या पुस्तकाला जेवढे आहे तेवढेच मी त्या खोलीला देते, आणि माझ्या मते भिलारचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात शांतता असते, पण ती सर्वांनी मिळून पाळलेली असते. कोणी खाकरले तरी माना वळतात. आपल्या स्वतःच्या घरातील शांतता, निदान गेल्या हिवाळ्यात, मला सहन होत नव्हती. त्या खोलीत शांतता नव्हतीच. काकू फळे निवडत होत्या, आतल्या खोलीत आजोबा रेडिओवर बातम्या ऐकत होते, चौथी-पाचवीतली मुलगी दारात बसून पाढे म्हणत होती आणि सतरा सक्कंला दरवेळी अडत होती, अंगणात कोणीतरी मोटारसायकल धूत होते. प्रत्येकाची लय वेगळी होती आणि कोणाचेही कोणावाचून अडत नव्हते. मीही त्यांत एक होते, खिडकीशी बसून पाने उलटणारी. मला कोणाशी जुळवून घ्यायचे नव्हते. कोणी मला ‘मग आता पुढे काय ठरवलं आहेस?’ असे विचारले नाही. काकूंनी विचारले ते एवढेच की चहात साखर किती, आणि पुण्यात यंदा थंडी होती का.

दुपारी एकच्या सुमारास मी पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडायला गेले. काकूंचे लक्ष होते. “ताई, पान नका मोडू,” असे म्हणत त्यांनी डब्यांवर लावायच्या छापील पट्ट्यांतील एक पट्टी माझ्याकडे सरकवली. वर लाल स्ट्रॉबेरीचे चित्र होते. ती मी एकशे बाराव्या पानात घातली आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा पुस्तक कपाटात त्याच्या जागी होते आणि पट्टीचे टोक वर आलेले होते.

आता त्या नियमाविषयी. पुस्तक बाहेर नेता येत नाही, मुक्कामाच्या खोलीवरसुद्धा नाही. रात्री साडेआठला, जेव्हा माझा वेळ सर्वांत अवघड जातो, तेव्हा हातात पुस्तक नसणे मला दोन्ही रात्री फार लागले. मी सोबत काही आणले नव्हते. आणायचे नाही असे ठरवूनच निघाले होते. दुसऱ्या रात्री मी खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले आणि त्या शिक्षिकेचा विचार करत राहिले. पुढे काय झाले असेल, त्या नव्या गावात त्यांना खोली मिळाली असेल का, भावाने त्यांना विचारले असेल का. नऊ वर्षांत आमच्या घरात दोघेही अंथरुणात दिवा लावून वाचत असू आणि झोप येईपर्यंत पाने संपत जात. वाचलेल्यावर विचार करायला मधे रात्र मोकळी राहिली आहे, असे बरेच दिवसांत झाले नव्हते. सकाळी आठ वाजता मी त्या दारात उभी होते, आणि मला कुठेतरी पोहोचायची घाई झाली आहे ही गोष्टच मुळात नवी होती.

तरीही हा नियम सर्वांच्या सोयीचा नाही हे नोंदवले पाहिजे. एका दिवसासाठी येणाऱ्या वाचकाला मोठी कादंबरी हाती घेता येणार नाही. त्याने कथा, ललित लेख किंवा दिवाळी अंक यांकडे वळावे. सहा-सात तास सलग बसायची तयारी नसेल तर येथील पुस्तके चाळली जातील, वाचली जाणार नाहीत. पुस्तके टिकावीत यासाठी नियम आवश्यक आहे हे मला मान्य आहे, पण गावात मुक्कामाला असलेल्या वाचकाला एका रात्रीपुरते एक पुस्तक अनामत रक्कम घेऊन देता येईल का, याचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

साहित्यप्रकारांनुसार केलेल्या विभागणीविषयीही माझे एक म्हणणे आहे. नव्या वाचकाला ती सोयीची आहे, आणि एका घराला एक ओळख मिळते हेही खरे. परंतु माणूस पुस्तकाकडे नेहमी प्रकार ठरवून जात नाही. मी दुःख घेऊन गेले होते आणि ते कवितेच्या घरी सापडेल असे धरून चालले होते. सापडले ते संतांच्या अभंगांत आणि एका शिक्षिकेच्या जमाखर्चात. जात्यावरच्या ओव्या लोकसाहित्यात असतात, विरहाच्या लावण्या कुठे ठेवायच्या हा प्रश्नच आहे, आणि आजारपण, म्हातारपण, एकटेपण यांवरचे उत्तम मराठी लेखन तर सगळ्या प्रकारांत विखुरलेले आहे. प्रत्येक घरात एक छोटी वही ठेवावी, तिच्यात वाचकांनी ‘या विषयासाठी अमुक घरचे अमुक पुस्तक पाहा’ असे लिहून जावे, एवढी साधी सोय झाली तरी एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याला अर्थ येईल. गावातून चालत फिरायला मजा येते, उतार-चढ फार नाहीत, आणि अशा चिठ्ठ्यांच्या मागाने फिरता आले तर अधिक बरे.

दिवाळी अंकांच्या घरी मी तिसऱ्या दिवशी सकाळी तासभर गेले. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा माझ्या घरात दरवर्षी आठ-दहा अंकांच्या रूपाने यायची, आणि कोणता अंक आधी कोणी वाचायचा यावरून आमच्यात लटके वाद होत. गेल्या दिवाळीला मी एकही अंक घेतला नव्हता. कपाटात मला आम्ही भेटलो त्या वर्षीचा एक अंक दिसला. मुखपृष्ठ लगेच ओळखू आले. मी तो काढला, मागच्या पानावरची दागिन्यांची जाहिरात पाहिली, अनुक्रमणिका वाचली. समास कोरे होते. त्यातील एक दीर्घकथा, जी मला पूर्वी फार आवडली होती, ती मी पुन्हा वाचली आणि या वेळी ती मला सुमार वाटली. शेवट ओढूनताणून आणलेला आहे, आणि नायिकेला लेखकाने बोलूच दिलेले नाही. आमच्या घरच्या प्रतीत या कथेच्या शेवटी त्याने ‘अप्रतिम’ असे लिहिले होते आणि मी खाली ‘अगदी’ असे. माझे मत आता बदलले आहे, आणि ते लिहून ठेवायला समोर कोणाचे टिपण नव्हते, एवढे मात्र जाणवले. अंक मी जागेवर ठेवला.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही उपयोगी गोष्टी सांगते. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. हवा थंड असते आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू असल्याने गाव कामात असते, जे मला तरी वाचनाला पोषक वाटले. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या इथेही थांबतात, मुले बालसाहित्याच्या घरी रमतात, छायाचित्रे काढली जातात. ते चांगलेच आहे, पण सलग वाचायचे असेल तर मंगळवार ते गुरुवार निवडावेत. पावसाळ्यात या भागात पाऊस प्रचंड असतो आणि धुक्यात चालत फिरणे अवघड होते. वाचन विनामूल्य असले तरी राहण्या-जेवणाचे पैसे अर्थातच वेगळे द्यावे लागतात. गावातच घरगुती राहण्याची सोय होते आणि ती मी पाचगणीच्या हॉटेलांपेक्षा केव्हाही पसंत करीन. वाचायचा चश्मा, शाल आणि एक वही बरोबर असू द्यावी. लोकांच्या राहत्या घरात आपण बसतो आहोत हे लक्षात ठेवून चपला बाहेर काढाव्यात, जेवणाच्या वेळी उठावे, फोनवर बाहेर जाऊन बोलावे. ज्या घरात बसलात तिथून निघताना थोडी स्ट्रॉबेरी विकत घेतली तर त्यांनाही बरे वाटते, आणि ती शहरातल्या फळांपेक्षा कितीतरी गोड असते.

प्रेमभंगावर उपाय म्हणून मी कोणाला भिलारला पाठवणार नाही. तिथे जाऊन माझे दुःख कमी झाले असे मी म्हणू शकत नाही. परतीच्या गाडीत घाट उतरताना मी वाईपर्यंत रडत होते आणि शेजारच्या बाईंनी न बोलता खिडकीची जागा मला दिली. पण वाचन तुटलेल्या माणसाला, ज्याला एकांत नको आहे आणि सोबतही झेपत नाही, त्याला मी हे गाव नक्की सुचवीन, आणि निदान दोन रात्री राहा असे आग्रहाने सांगेन.

शिक्षिकेचे आत्मचरित्र माझे पूर्ण झाले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला निघायचे होते आणि तेव्हा मी दोनशे सहाव्या पानावर होते; अजून सुमारे नव्वद पाने उरली होती. “राहू दे पट्टी आत,” काकू म्हणाल्या, “कोण काढतंय?” पुण्यात ते पुस्तक मिळेल, अप्पा बळवंत चौकात विचारले तर कोणीतरी जुनी प्रत काढून देईल, हे मला माहीत आहे. मी विचारलेले नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जोडून सुट्टी आहे, आणि तोपर्यंत शेवटची तोडणी चालू असते असे त्यांनी सांगितले आहे.